बत्तीसाबांचा 'ने'

— अहो, त्यात लाजायचं काय? शिव्या तर शिव्या. तोंडातून निघतंय ना काहीतरी, मग झालं तर. तुमच्या आई जन्मात कधी 'अरे'ला 'का रे' म्हणाल्या नसतील, आणि आता डॉक्टर दिसला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतायत — होतं असं. ही आतली मुलगी आहे ना, बोलायला शिकवणारी, तिनंच मला सांगितलं — काकू, शिव्या, आकडे, पाठ झालेली गाणी, यांचा मेंदूतला कप्पा वेगळा असतो, बोलण्याचा कप्पा जळाला तरी हा शाबूत राहतो. तेव्हा आईंना गप्प बसवू नका. पोरांना फार तर दुसऱ्या खोलीत पाठवा, पण आईंना गप्प बसवू नका. बसा ना, उभे किती वेळ राहणार? त्या टोकाला नको, बाक डगमगतो, असे मधे बसा. आईंचा हातापायाचा व्यायाम चाललाय ना शेजारच्या खोलीत? मग वेळ आहे. तो झाला की इथं, आमच्यानंतर. आणि इथं आपल्याला आत घेत नाहीत हं, आधीच सांगते. घरचं माणूस समोर असलं की पेशंट बोलायचा आळस करतो म्हणे. घरचं माणूस न बोलताच सगळं हातात देतं, मग बोलायचं कशाला? असं ती म्हणते. असेलही.

आमचे? आमचे आत आहेत. मालक म्हणजे — माझे यजमान. त्यांना एकच शब्द राहिलाय. 'ने'. नाही, 'नको' नाही, 'नाही' नाही — 'ने'. ने, बस. पाणी पाहिजे — ने. पंखा बंद कर — ने. पाय आखडला — ने. परवा कुणीतरी भेटायला आलं, त्यांच्यासमोर तासभर बोलले हो, हातवारे करून, भुवया उडवून, मधेच हसून, अगदी गोष्ट सांगितल्यासारखे, आणि सगळ्याच्या सगळ्या गोष्टीत शब्द एकच, ने ने ने ने. पाहुणा बिचारा मान हलवत होता. जाताना मला दारात विचारतो, वहिनी, काय म्हणत होते? मी म्हटलं, तुम्ही हसलात ना जिथं ते हसले तिथं, मग झालं, तेवढंच होतं.

त्यात गंमत अशी — गंमत म्हणजे काय, तुम्हाला सांगते — हे जहाजावर होते. इलेक्ट्रिशियन. जहाजावर इलेक्ट्रिशियनला बत्तीसाब म्हणतात, आमच्याकडे पण मग तेच नाव पडलं, शेजारपाजारचेही बत्तीसाबच म्हणायचे. सगळं आयुष्य पाण्यावर. आणि माणूस बोलघेवडा. दुसरे लोक परदेशातून अत्तरं आणतात, घड्याळं आणतात, हे शब्द आणायचे. मोठे नाही, एवढे एवढे, खिशात मावणारे. आणि त्यांचा सगळ्यांत लाडका शब्द कुठला सांगू? हाच. खोटं वाटेल, पण हाच. लग्न असो, बारसं असो, चार माणसं जमली की यांचं सुरू — 'ने' म्हणजे काय, सांगा पाहू! ग्रीक माणूस 'ने' म्हणतो तेव्हा तो 'हो' म्हणत असतो. चांगलं खणखणीत 'हो'. आणि बल्गेरियन माणूस 'ने' म्हणतो तेव्हा तो 'नाही' म्हणतो. तुर्कस्तानात न्हाव्याकडे गेलात आणि तो म्हणाला 'ने?' तर तो विचारतोय 'काय?' कोरियन फोरमन फोन कानाला लावून साहेबाशी बोलताना ने, ने, ने करत कमरेत वाकतो, तो 'हो जी, हो जी' करतोय. जपानी माणूस तर वाक्याच्या शेपटीला लावतो, आपण 'ना' लावतो तसं — छान आहे, ने? गार वाटतंय, ने? आणि फ्रेंचांचं 'ने' म्हणजे अर्धं 'नाही'. उरलेलं अर्धं पुढं येतं, आणि बोलताना हे पहिलं अर्धं गाळूनच टाकतात. असं सगळं अभिनय करून सांगायचे. न्हावी झाले की खांद्यावर टॉवेल, फोरमन झाले की वाकायचे. लोक हसून हसून लोळायचे. मी? मी चहा करत असायची आत. मला पाठ होतं.

आणि मग हात दाखवायचे, उजवा, ही दोन बोटं. भाजलेली. सहा की सात महिने ग्रीक लोकांबरोबर काढले होते, कानाला 'ने' म्हणजे 'हो' बसलेलं. पुढच्या जहाजावर सेकंड इंजिनिअर आला बल्गेरियन. हे पॅनेलपाशी उभे, तो पलीकडं, ओरडून विचारलं, ऑफ केलंस का? तो ओरडला, ने! यांनी घातला हात. तो सांगत होता नाही, नाही, नाही केलं अजून, आणि यांना ऐकू आलं हो. वाचले म्हणून वाचले. त्यावर म्हणायचे, माणसाला मारायला बॉम्ब लागत नाही, एक अक्षर पुरतं. लोक परत हसायचे.

तर तोच शब्द राहिला. सगळं गेलं, माझं नाव गेलं, मुलीचं नाव गेलं, स्वतःचं गेलं, आणि राहिलं काय, तर ने. आतली मुलगी पहिल्या दिवशी म्हणाली, काकू, त्याचा अर्थ लावत बसू नका, तो शब्द नाहीच. यांचं काम कळलं होतं तिला, म्हणून त्यांच्याच भाषेत समजावलं — समजा घरातल्या सगळ्या बत्त्या गेल्या, एकच दिवा शिल्लक, आता कुठलंही बटण दाबा, तोच दिवा लागतो. काकांना मनात 'पाणी'च म्हणायचं असतं, बटण पाण्याचंच दाबतात, लागतो हा. तेव्हा आवाज ऐका, डोळे बघा, शब्द सोडा.

शब्द सोडा! पण घरचे सोडतायत होय? आमची मुलगी आली होती ना लगेच. तिची तर खात्रीच. कारण ती लहान असताना, हे जहाजावर निघाले की ती दारात पायाला मिठी मारायची — बाबा, मला ने. मला ने. आपल्या भाषेतला ने हो, घेऊन जा वाला. आणि हे तिला म्हणायचे, ग्रीकमध्ये म्हणतेस की बल्गेरियनमध्ये? ग्रीकमध्ये असेल तर हो, बल्गेरियनमध्ये असेल तर नाही, नीट सांग. ती गोंधळून जायची, मग हसायची, रडायचं राहून जायचं, तोवर हे जिना उतरलेले असायचे. त्यामुळं ती म्हणाली, आई, हे मला सांगतायत. मला ने म्हणतायत. मी तेव्हा म्हणायचे ते आता बाबा म्हणतायत. आणि रडली खूप. मग खुर्ची घेतली चाकांची, आणि रोज न्यायला लागली, बागेत ने, नदीवर ने, दुकानात ने. हे जायचे. परत आल्यावर परत ने. ती म्हणायची, बघ, अजून पाहिजे त्यांना. फोनवर शोधून शोधून काय काय काढलं तिनं. बल्गेरियनांचा 'नाही'वाला ने आणि आपलं 'न' म्हणे एकाच मुळातले, फार जुने चुलतभाऊ. आणि ग्रीकांचा 'हो'वाला ने वेगळ्याच घरचा. तोंडावळा सारखा, नातं काही नाही. कोरियन तर आणखी तिसऱ्याच गावचा. आपला 'ने' आला 'नी'पासून, म्हणजे वाट दाखवत नेणं. नेता त्यातलाच. मी म्हटलं, हो का, म्हणूनच नेते एवढं उचलून नेतात. ती चिडली. आई, तुला कसं काही वाटत नाही?

मग धाकटे दीर आले. भाऊजी शाळेत शिकवायचे, निवृत्त झालेत, जुन्या ओव्या-अभंगांचा नाद. ते खुर्ची ओढून समोर बसले, हात हातात घेतला, दादा बोल म्हणाले. ने. भाऊजींनी डोळे मिटले. म्हणाले, वहिनी, जुन्या मराठीत 'नेणे' म्हणजे 'जाणत नाही'. जाणता-नेणता म्हणतो ना आपण. दादा सांगतोय, मला काही कळत नाही, मी नेणता झालो. मुलगी म्हणाली, काका, बाबांना सगळं कळतं. ते म्हणाले, कळतं, म्हणून तर नेणतेपण सांगतोय. झाली जुंपली दोघांची, पेशंटच्या अंथरुणावरून, काका-पुतणीची, की ने म्हणजे 'मला घेऊन जा' की 'मला कळत नाही'. हे मधे झोपलेले, इकडं बघतात, तिकडं बघतात. शेवटी म्हणाले, ने! जरा मोठ्यानं. दोघंही एकदम म्हणाली, बघा!

मला कुणी विचारलं नाही. मला म्हणजे — मला वेगळंच माहीत होतं.

काय वेगळं? काही नाही हो. झालं तेव्हा मी एकटीच होते ना घरात, म्हणून म्हटलं. सकाळची वेळ. हे दाराशी स्टुलावर बसून बुटाची लेस बांधत होते. लेस काही हाताला सापडेना. मला वाटलं, चष्मा नाही घातलेला, म्हणून. मी दुरूनच म्हटलं, चष्मा घ्या. आणि त्यांनी वर बघितलं, तोंड असं एका बाजूला ओघळलं, आणि म्हणाले, ने. तेव्हापासून तेच. शेजारच्यांनी गाडी काढली, मी ओट्यावरचा गॅस बंद केला, गेलो. उशीर नाही झाला, डॉक्टर म्हणाले, तुम्ही वेळेत आणलंत. सगळे म्हणतात वेळेत आणलंत.

कुठं निघाले होते? फिरायला. रोज जायचे ना. फिरायला. आता फिरायला जाताना कुणी बॅग भरून —

पाण्याचा नळ आहे तिकडं कोपऱ्यात, पाहिजे तर. नको? बरं.

तुमच्या चेहऱ्यावरून दिसतंय, ऐकलंत तुम्ही. ऐकलंत तर ऐकलंत. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, पुढच्या आठवड्यात माझी वेळ बदलायची आहे. सांगितलं काय आणि नाही काय. निघाले होते ते. म्हणजे घर सोडून. चहा पिताना म्हणाले, अगं, मी चीफकडे जाऊन राहतो. चीफ म्हणजे त्यांच्या जहाजावरचा चीफ इंजिनिअर, जुना दोस्त, बंदरावर त्याचं इंजिनं दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे, वर एक खोली. मी म्हटलं, किती दिवस? म्हणाले, राहतो म्हणजे... राहतो. मला कळलं. मी विचारलं, कुणी आहे का तिकडं? हसले. चीफ आहे, म्हणाले, त्याला कोण घेणार? मग कप खाली ठेवला, आणि म्हणाले, तिथं झोप लागते गं मला.

झोप. आता ऐका. निवृत्त होऊन आले तेव्हापासून या माणसाला झोप नाही. घर शांत आहे ना आमचं, मागच्या अंगाला, रस्ता लांब. आयुष्यभर इंजिनाच्या घरघरीत झोपलेला माणूस, त्याला शांततेत दचकून जाग यायची. जहाजावर आवाज बंद झाला म्हणजे काहीतरी बिघडलंय — बत्तीसाब, उठा. तसं रोज. मग न्हाणीघरातला पंखा लावून ठेवायचे रात्रभर. एकदा पहाटे बघते तर स्वयंपाकघरात, फ्रीजला पाठ लावून, जमिनीवर बसून झोपलेले. मी मुलीला सांगितलं होतं हे, हसलो होतो आम्ही. पण त्यासाठी घर सोडायचं? मला वाटलं, थाप आहे. बाई असणार. बाई असती तर बरं झालं असतं हो, भांडता तरी आलं असतं. इंजिनाच्या आवाजाशी काय भांडणार?

मी काय म्हणाले? बरं म्हणाले. आयुष्यभर ते निघाले की मी 'बरं'च म्हणत आले. काही बायका बंदरापर्यंत जाऊन रडून यायच्या, मी त्यातली नव्हे. बरं म्हटलं, आणि दूध वर आलं होतं ते उतरवलं. ते थांबले जरा. बॅग दाराशी ठेवली होती, तरी थांबले. मला वाटतं, मी आणखी काहीतरी म्हणेन म्हणून. मग स्टुलावर बसले, बूट घेतले.

संध्याकाळी मी दवाखान्यातून घरी आले कपडे घ्यायला. मुलगी पोचायची होती. दाराशी बॅग तशीच. मी ती आत नेली आणि रिकामी केली. शर्ट कपाटात, दाढीचं सामान आरशाखाली, टेस्टर खणात, जिथलं तिथं. पार तळापर्यंत हात घातला, म्हटलं काहीतरी सापडेल, एखादा बाईमाणसाचा रुमाल, काहीही. काही नव्हतं. शर्ट आणि टेस्टर. मुलगी आली तेव्हा मी पोळ्या लाटत होते. ती गळ्यात पडली, आणि मी म्हटलं, हात पिठाचे आहेत.

तेव्हापासून असंच आहे. तुम्हाला होतं का असं? वाईट वाटायला पाहिजे हे कळतं, ते वाईट तिथं दाराबाहेर उभं आहे हेही कळतं, पण आत येत नाही. मीही 'या' म्हणत नाही. सगळे म्हणतात, काय करते ही बाई नवऱ्याचं! पाठीला एक जखम होऊ दिली नाही. हो, नाही होऊ दिली. त्यासाठी ती हवेची गादी आणलीय ना, तुम्ही पण आणा, तिला पंप असतो, तो रात्रंदिवस घुंऽऽ करत हवा आलटून पालटून भरतो. आणि काय सांगू — त्या गादीवर पहिल्या रात्रीपासून हा माणूस मेल्यासारखा झोपला. घोरत. पंप उशाशी, घुंऽऽ, आणि हे गाढ. मी शेजारच्या खाटेवर बसून बघत राहिले. म्हणजे थाप नव्हती. खरंच तेवढंच कारण होतं. मुलगी म्हणाली, आई, तुझी झोपमोड होते, बिनआवाजाचा पंप मिळतो, आणू का? मी म्हटलं, खबरदार.

आणि यांचं ने, ने. आता तुम्हीच सांगा, मला काय ऐकू येत असेल? मुलगी म्हणते, मला घेऊन जा म्हणतायत. असतीलच की. पण कुठं, ते तिला माहीत नाही. ती बागेत नेते.

एका दुपारी दाढी करत होते त्यांची. एक दिवसाआड करते मी, फेस लावून, नीट. गाल असा बोटांनी ताणून धरलेला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं — अजून जायचंय का तुम्हाला? ते आरशात बघत होते. ने. मी म्हटलं, हो की नाही? ने. कळलं का मी काय विचारतेय? ने? मी वस्तरा धरून उभी. ग्रीक लावला, तो बसतो. बल्गेरियन लावला, तोही बसतो. तुर्की बसतो, भाऊजींचाही बसतो. एवढं आयुष्य ती यादी ऐकली, चहा गाळता गाळता, आणि कुठलाही अर्थ घातला तरी अगदी मापाचा. मग दुसरा गाल केला. कुठं कापलं नाही.

ते तेवढ्यावरही राहिलं असतं. मला चाललं असतं. पण मागच्या महिन्यात ही आतली मुलगी दार उघडून बाहेर आली, अशी फुललेली, म्हणाली, काकू, काकांचे किती शब्द आले! पंखा म्हणतात, दार म्हणतात, गार, पाणी, माझी ओढणी दाखवून निळा म्हणाले! घरीही बोलत असतील ना? मी म्हटलं, हो, बोलतात.

एक शब्द बोलत नाहीत. घरी ने, आणि इथं पंखा. मुलीशीही ने. का म्हणून विचारू नका, मला माहीत नाही. कदाचित बोलायला लागले तर त्या सकाळचं बोलणं पुढं न्यावं लागेल, याची भीती असेल. कदाचित माझ्यासमोर लाज वाटत असेल, पोरासारखं अडखळायची. आतली मुलगी म्हणते तसं, मी न बोलताच सगळं हातात देते, म्हणूनही असेल. मी घरी जाऊन पंख्याकडं बोट दाखवलं, हे काय? माझ्याकडं बघितलं त्यांनी बराच वेळ. ने, म्हणाले, हळूच. मी पंखा लावला.

आणि परवाच्या खेपेला — म्हणजे मागच्या आठवड्यात, इथंच, या बाकावर मी बसलेली — ती बाहेर आली, डोळ्यांत पाणी. काकू, वाक्य बोलले. पूर्ण वाक्य. मी नुसतं 'मला' म्हटलं आणि त्यांनी पुढं जोडलं. 'मला जायचंय.' स्वच्छ बोलले, काकू! घरी जायचंय त्यांना, घराची आठवण येतेय, चला, आज लवकर सोडते.

मी म्हटलं, हो, घरी.

आणि नेलं घरी. गाडीत ते खिडकीतून बघत होते. मी विचारलं नाही काही. रात्री पंप चालू केला, झोपले. सकाळी आमची मुलगी कामाला गेल्यावर — ती राहायलाच आलीय सध्या — मी चीफला फोन लावला. लग्नात भेटलेला माणूस, आणि मग एकदम आता. त्याला काही माहीत नव्हतं, तो यांची वाट बघून चिडून बसला होता, बत्तीसाब येतो म्हणाला आणि आलाच नाही. सांगितलं. मग म्हणाला, वहिनी, वरची खोली जिन्यानं आहे, उभा जिना, तिथं कसं जमणार? मी म्हटलं, खाली काही नाही का? म्हणाला, खाली सामानाची खोली आहे, रिकामी करता येईल, माझ्या म्हातारीला सांभाळायला एक बाई होती, म्हातारी गेली, बाई आहे अजून, ती बघेल. पण त्या खोलीला लागून कॉम्प्रेसर आहे, दिवसभर धडधडतो, रात्री पण कधी कधी, आजारी माणसाला झेपायचं नाही. मी म्हटलं, असू दे धडधडता.

मग परत दाढीच्या वेळी सांगितलं त्यांना. फेस लावायच्या आधी, म्हणजे तोंड नीट दिसावं. म्हटलं, चीफशी बोलले मी. खालची खोली आहे. कॉम्प्रेसर आहे. तुम्ही त्या सकाळी निघाला होतात तिथं. नेऊ का?

ने, म्हणाले.

नेऊ का — ने. आता तुम्ही सांगा. ज्याला बोलता येतं तो तरी यापेक्षा वेगळं काय म्हणाला असता? एवढ्या महिन्यांत मी प्रश्नच तसा विचारला नव्हता. आता यात बल्गेरियन कुठून आणायचा? आणायचाच म्हटलं तर आणता येतो म्हणा. त्यांचा डावा हात होता माझ्या मनगटावर, ओल्या. धरलेला की नुसता ठेवलेला, तेही सांगता येत नाही. मी म्हटलं, बरं.

आज न्यायचं. इथून परस्पर. खाली गाडी थांबवून ठेवलीय, पंप, गादी, औषधं, सगळं मागं टाकलंय. शर्ट. टेस्टर पण घेतला, कशाला कोण जाणे. मुलगी? नाही सांगितलं. तिला वाटतंय, आम्ही बोलायच्या व्यायामाला आलोय. तिथं पोचले की करीन फोन. चिडेल. बाबांनी सांगितलं का तुला, म्हणेल, आणि मी म्हणेन हो, सांगितलं, आणि ती म्हणेल, काय सांगितलं? — आणि मग काय सांगू तिला? तुम्हीच बघा. तीच तर पहिल्या दिवसापासून ओरडतेय की मला ने म्हणतायत.

मी राहणार का तिथं? कॉम्प्रेसरपाशी? मला झोप नाही लागत हो आवाजात. पंपाच्या आवाजानं इतके महिने डोळ्याला डोळा नाही. इकडं घरी आले तर लागेल म्हणा झोप, शांत घर आहे आमचं. हे बघा, तिथं सोडून येणार, की चार दिवस ठेवून आणणार, की मीच सामान घेऊन जाणार, यातलं काही ठरलेलं नाही, आणि ठरवायला बसले की डोकं असं कापसासारखं होतं. आज पोचवायचं, एवढं ठरलंय. पुढचं तुम्ही विचारू नका. चांगले आहात तुम्ही, ऐकून घेतलंत, पण ते विचारू नका.

दार वाजलं? हो, आलेच. अहो, पाय आत घ्या तुमचे, खुर्चीची चाकं जायची आहेत. नाही, मदत नको, मला येते ढकलता. तुम्ही व्हा पुढं, आईंना घेऊन या.